नेट गेलं होतं

डबे भरून झाले, ओटा पुसून झाला, तशी सूनबाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. सॉफ्टवेअर लिहिणं हा तिचा पेशा. ऑफिसात तिच्या हुशारीचं नाव होतं आणि तिच्या नेटची थट्टा. कोड सर्व्हरवर पाठवता पाठवता मध्येच कनेक्शन तुटे, ‘टाइमआउट’ अशी लाल ओळ उमटे. मग बऱ्याच वेळाने, कॅमेरा बंद ठेवून, ती घोगऱ्या आवाजात म्हणे, “नेट गेलं होतं.”

“तुझं नेट म्हणजे रुसकी नवरी, सासरी टिकतच नाही!” सगळे हसत. तीही हसे.

खरं असं की तिचं परपुरुषांशी बोलणं नवऱ्याला खपत नसे. डोकं फिरलं की तो आधी राउटरचा प्लग उपटे, कॉलवरून बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. मग तिचे केस धरी. शेजारच्या खोलीत सासूबाई टीव्ही मोठा करत. “पुरुषाला राग यायचाच. बाईनं झाकून न्यावं,” हे त्यांचं शास्त्र. त्यांनीही जन्मभर तेच केलं होतं. मोडून वाकडं जुळलेलं मनगट अजून साक्षीला होतं.

त्या दिवशी टीममधल्या आक्काने हट्टच धरला. “आज मुळाशी जाऊ. टाइमआउटची मुदत वाढवून पाहिली, फायरवॉल पाहिली, सर्व्हर ठणठणीत आहे. आता घरचं वायफाय सोड, मोबाइलच्या नेटवर ये. तरी तुटलं तर खोट मशीनमध्ये. नाही तुटलं, तर घरात.”

कनेक्शन टिकलं. कॉलवर प्रमुखसाहेबांसह सगळी टीम होती. कुणीतरी काही बोललं, ती खळखळून हसली, आणि नवरा आत आला.

“कोणापुढे दात काढतेस गं?” त्याने प्लग उपटला.

मोबाइलच्या नेटवर कॉल चालूच होता. तिचं बोट बंदच्या बटणाकडे गेलं. घराची लाज! मग तिने हात मागे घेतला.

पहिला फटका कानशिलावर बसला. त्याने केसांना धरून तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. ओठ फाटला, रक्त कीबोर्डवर ठिबकलं. ती कोसळली तशी पोटात लाथ बसली. एरवी ती दात आवळून सोसे. आज तिने किंकाळी फोडली.

“हा... त्यांचा घरचा मामला आहे. कॉल बंद करू या,” प्रमुखसाहेब पुटपुटले.

“खबरदार!” आक्का कडाडली. “अहो, आम्ही सगळे ऐकतोय! पोलिसांना फोन लावलाय!”

नवरा थिजला. मग चवताळून त्याने लॅपटॉपच उचलून तिच्यावर घातला. आडव्या धरलेल्या हाताचं हाड काडकन मोडलं.

पोलीस आले. “पडली हो ती,” नवरा म्हणाला. “नेट बंद होतं, कोण काय ऐकणार?”

“नवरा-बायकोचं भांडण. मिटवून टाका,” हवालदार म्हणाला.

“सूनबाई, घराची अब्रू...” सासूबाईंनी हात जोडले.

“नेट गेलं नव्हतं,” ती फाटक्या ओठांनी म्हणाली. “कधीच गेलं नव्हतं. हा माणूस प्लग काढून मला मारायचा. लिहून घ्या. मिटवायचं नाही.”

धावत आलेल्या आक्काच्या आधाराने ती जिना उतरली.

संध्याकाळी प्रमुखसाहेबांचा निरोप आला : “आम्हाला कसं कळणार होतं?” खरंच, शहाण्या माणसांनी वर्षभर सर्व्हर तपासला, तिचा आवाज का बसतो, हे कोणी विचारलं नाही. वाचकहो, त्या कॉलवर आपण असतो, तर आपलं बोट कुठे गेलं असतं?