वाक्य माझं आहे

डॉक्टरबाईंनी प्रश्न विचारला आणि म्हातारी तोंड उघडते न उघडते तोच तिचा मुलगा उत्तर देऊन मोकळा झाला.

"झोप छान लागते. रात्री एकदा उठते, तेवढंच."

तिने तोंड मिटलं. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून शब्द उशिरा येत होते, पण येत होते. तेवढा वेळ थांबायला मात्र घरात कुणाला सवड नव्हती. सून चहा हवा की कॉफी ते विचारायची आणि स्वतःच चहा ठरवून टाकायची. नात आजीचं वाक्य पुरं करायची, तेही भलतंच. सगळं चालायचं ते मायेपोटी, म्हणून तर तिचा जास्त संताप व्हायचा.

तिचा सगळा जन्म नाटक कंपनीत, विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं सांगण्यात गेला होता. नट गप्प झाला की नवखा माणूस घाबरून लगेच वाक्य फेकतो. ती तसं करायची नाही. समोरचा विसरलाय की नुसता थांबलाय, हे ती आधी बघायची. थांबलेल्याच्या तोंडात वाक्य कोंबलं की प्रवेशाचा पार विचका होतो, आणि मध्यंतरात शिव्या खाव्या लागतात त्या वेगळ्याच.

"भूक?"

"चांगली आहे," मुलगा म्हणाला.

"आणि मन? उदास वाटतं का? जगणं नकोसं होतं?"

मुलगा हसला. "छे हो! आमची आई भलती खमकी आहे. ती कसली उदास होतेय!"

डॉक्टरबाई लिहू लागल्या. म्हातारीने धड असलेला डावा हात टेबलावर आपटला.

"खोडा... ते."

"अगं आई, काय हे..."

"तू... गप्प."

पन्नाशीच्या माणसाचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला. तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती डॉक्टरबाईंकडे बघत शब्द गोळा करत होती. बराच वेळ गेला. मुलगा न राहवून पुढे वाकला, तेव्हा तिने त्याच्याकडे असं काही बघितलं की तो मुकाट्याने मागे टेकला.

"वाटतं," ती म्हणाली. "रोज. सकाळी... डोळे... उघडूच नयेत... असं."

"आई," मुलगा म्हणाला, "कधी बोलली नाहीस."

"बोलत... होते."

त्याने मान खाली घातली. डॉक्टरबाईंनी पेन बाजूला ठेवलं आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"यांना बाहेर बसायला सांगू का?"

"नको. ऐकू दे." तिने दम घेतला. "अजून... आहे."

मुलगा जागचा हलला नाही, बोललाही नाही. ती पुढचा शब्द शोधू लागली, सावकाश, कुणाच्या बापाला न भिता.