दोनशे चौदा फंक्शनांची झडती

"बंद करून पुन्हा सुरू करा, मॅडम. पाच मिनिटांचं काम आहे," कंपनीचा इंजिनिअर म्हणाला.

"पाच मिनिटांत चूकही जाईल आणि पुरावाही," ताई म्हणाल्या. "मग ती पुढच्या वेळी कुणाच्या रिपोर्टात उगवेल, सांगता?"

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ततपासणीचे रिपोर्ट छापणारा प्रोग्रॅम ताईंनी एकोणीस वर्षांपूर्वी लिहिला होता. त्यांची लेक चिडवायची, की आईची ही जुनी संगणकभाषा येणारी माणसं आता फक्त निरोपसमारंभांत भेटतात. आज सकाळचे पहिले तीस रिपोर्ट बरोबर छापले गेले. त्यानंतरच्या सलग सात रिपोर्टांवर भलत्याच माणसांचे आकडे आले. अतिदक्षता विभागातल्या सिस्टरला एका रुग्णाचं पोटॅशियम संशयास्पद वाटलं म्हणून बिंग फुटलं. सातही रिपोर्ट परत मागवले, छपाई थांबवली, आणि ज्येष्ठ तंत्रज्ञ, ज्यांना सगळे काका म्हणत, चार जणांना घेऊन रक्त तपासणाऱ्या यंत्रावरचे आकडे हाताने उतरवायला बसले.

अधीक्षकांनी दोनपर्यंतची मुदत दिली होती. चूक सापडली नाही तर हा प्रोग्रॅम कायमचा बंद, सोमवारपासून इंजिनिअरच्या कंपनीचा नवा. वर्षभर रेंगाळलेल्या निर्णयाला निमित्तच हवं होतं. म्हणूनच इंजिनिअर हजर होता.

साडेअकरा वाजले होते. प्रोग्रॅममध्ये दोनशे चौदा फंक्शनं, म्हणजे एकेक काम करणारे छोटे तुकडे, होती. एकेक वाचत बसलं तर आठवडा गेला असता. ताईंनी वाचायचं सोडलं आणि सिंबल टेबल उघडलं.

त्या भाषेत प्रोग्रॅमच्या प्रत्येक भागाला, म्हणजे पॅकेजला, नावांचा असा एक तक्ता असतो. एकीकडे नाव, दुसरीकडे त्या नावामागचं फंक्शन. प्रोग्रॅम चालू असतानाच तो वाचता येतो आणि बदलताही येतो. नाव तेच ठेवून त्यामागचं फंक्शन बदललं, तर हाक मारणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

ताईंनी वीस ओळी लिहिल्या. तक्त्यातलं प्रत्येक नाव घ्यायचं, त्यामागे फंक्शन असेल तर त्याच्या दारात एक पहारेकरी बसवायचा. आत कोणत्या रुग्णाचा नमुना गेला आणि बाहेर कुणाचा निकाल आला, एवढंच त्याने टिपायचं. मूळ फाइलला हातसुद्धा लावायचा नाही. चालू प्रोग्रॅममध्ये शिरायची वाट त्यांनी पूर्वीच ठेवली होती. त्या ओळी त्यांनी आत सोडल्या आणि काकांना चुकलेला एक नमुना पुन्हा मागायला सांगितलं.

"सदतीस नंबर मागितला," काका म्हणाले.

नोंदी सरसर उतरल्या. सगळी फंक्शनं इमानदार निघाली, एक सोडून. निकाल शोधून आणणाऱ्या फंक्शनमध्ये आजचा रुग्ण आत गेला होता आणि तीन आठवड्यांपूर्वीचा बाहेर आला होता.

ताईंनी चष्मा काढला. ते त्यांचंच काम होतं. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी रिपोर्ट हळू येतो म्हणून कुरकुर केली, तेव्हा त्यांनी फाइलमध्ये एक ओळ घालून याच तक्त्यातून ते फंक्शन बदललं होतं. नवं फंक्शन एकदा दिलेलं उत्तर नमुन्याच्या क्रमांकावर लक्षात ठेवायचं आणि तोच क्रमांक पुन्हा आला की तेच परत द्यायचं. त्या दिवशी मोजणी एकतीसवर होती. यंत्राने नमुन्यांना दिलेले क्रमांक नऊ हजार नऊशे नव्याण्णवला संपले आणि आज सकाळी पुन्हा एकपासून सुरू झाले. पहिल्या तीस क्रमांकांची जुनी उत्तरं साठवलेलीच नव्हती. एकतीसपासून मात्र जुनी उत्तरं तयार होती.

प्रोग्रॅम बंद करून सुरू केला असता तर आठवण पुसली गेली असती, आणि चूक कुणाची हे कुणालाच कळलं नसतं. पुन्हा तीन आठवड्यांपर्यंत.

मूळ फंक्शन त्यांनी तेव्हा दुसऱ्या नावाखाली जपून ठेवलं होतं. एका ओळीत त्यांनी पहिलं नाव पुन्हा त्याच्याकडे वळवलं आणि फाइलमधली ती ओळही पुसली. प्रोग्रॅम क्षणभरही थांबला नाही. काकांनी सदतीस नंबर छापला, हाताने उतरवलेल्या कागदाशी ताडला, मग उरलेले सहाही. सातही जुळले.

"लिहिणं बंद करा रे," काका म्हणाले, आणि खोलीत कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

इंजिनिअर खुर्ची ओढून जवळ आला. "त्या वीस ओळी मला मिळतील?" त्याने विचारलं. आता त्याच्या आवाजात विक्री नव्हती. ताईंनी त्याला छापूनच दिल्या.

पावणेदोनला अधीक्षक आले. रिपोर्ट चाळून त्यांनी सोमवारचं राहू द्या म्हणून इंजिनिअरला सांगितलं आणि घटनेचा फॉर्म ताईंपुढे सरकवला. "कारण म्हणून यंत्राचा दोष लिहिला तरी चालेल," ते हळूच म्हणाले.

"यंत्राने फक्त मोजलं, साहेब."

फॉर्मवर दोन रकाने होते: चूक कोणाची, शोधली कोणी. ताईंनी पहिल्यात स्वतःचं नाव लिहिलं, शाई वाळू दिली, आणि दुसऱ्यातही तेच लिहिलं, तितक्याच ठळक अक्षरात.