पिवळ्या खोलीतलं पिवळं

दुपारच्या सामसूम घरात ग्लासातला चमचा किणकिणला. आधी हळू, मग थांबेचना.

भिंगरीला थोपटता थोपटता तिच्या आईचाच डोळा लागत आला होता. ती धडपडत उठली आणि शेजारच्या खोलीत गेली. ग्लास स्टुलावर होता, स्टूल आबांच्या पलंगाला टेकलेलं होतं आणि पलंग हलत होता. दोन पांघरुणांखाली तिचे वडील हुडहुडी भरून थडथडा उडत होते.

"पंखा बंद कर गं, पोरी," ते म्हणाले.

पंखा बंदच होता.

तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापाने भाजत होतं. दोनेक महिन्यांपूर्वी गाठीमुळे आबांची पित्तनळी बंद झाली, तेव्हा डॉक्टरबाईंनी तोंडातून दुर्बीण घालून तिथे प्लास्टिकची बारीक नळी बसवली होती आणि साचलेलं पित्त वाहतं केलं होतं. घरी सोडताना त्यांनी बजावलं होतं, "ही नळी कायमची नाही बरं. आत गाळ धरतो, तुंबते. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर फोन करा. आणि थंडी वाजून ताप आला तर फोन करत बसू नका, सरळ घेऊन या."

लेकीने ते घोकून पाठ केलं होतं. रोज सकाळी चहा दिला की ती पलंगाशी वाकून आबांची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघायची. आबा मुद्दाम दुसरा डोळा मिचकवायचे. "काय म्हणतोय माल? अस्सल आहे ना?" डोळे तिला रोज ठीकच दिसायचे. आज सकाळीसुद्धा.

शेजारच्या काकूंना भिंगरीपाशी बसवून तिने गाडी बोलावली.

दवाखान्यात पांढऱ्या फरशा, पांढरे दिवे, पांढरी चादर. डॉक्टरबाईंनी पापणी ओढली आणि तिच्याकडे वळून पाहिलं. "अहो, हे केवढे पिवळे झालेत! आठवडा तरी झाला असेल. तुम्ही बघत नव्हता का?"

तिने वाकून पाहिलं. खरंच, लख्ख पिवळे. आंधळ्यालाही दिसावेत इतके.

"मी रोज बघत होते," ती म्हणाली.

"तिला नका बोलू," दातावर दात वाजत असताना आबा म्हणाले. "खोली पिवळी आहे."

"काय?"

"खोली हो. माझी. मीच रंगवलीय."

आबांचा जन्म रंगकामात गेला होता. आजारी पडायच्या आधी नातीच्या हट्टापायी त्यांनी आपल्या खोलीच्या भिंती, छत, दारसुद्धा, सगळं अंड्याच्या बलकासारखं पिवळंधमक करून टाकलं होतं. त्या खोलीत खिडकीतून आलेला उजेडही पिवळा होऊनच खाली उतरायचा. पांढरी उशी पिवळी, चहाचा कप पिवळा, भिंगरीचे गाल पिवळे. मग आबांचे डोळे तेवढे वेगळे कसे दिसणार? 'शेड बघायची तर बाहेर उजेडात नेऊन बघा' असं गिऱ्हाइकांना सांगून सांगून ज्यांच्या तोंडाला फेस आला, त्यांना स्वतःच्या बाबतीत ते आठवलं नव्हतं. पाठ खाजायची, तर नव्या साबणाला शिव्या घालत ते कोरड्या ब्रशने खाजवून घ्यायचे. गडद लघवीचं खापर गोळ्यांवर फोडलं होतं.

"नळी तुंबलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मवाळ झाला होता. "मागे साचलेल्या पित्तात जंतू वाढलेत. ते रक्तात पसरले तर जिवावर बेतेल. शिरेतून औषध सुरू केलंय, पण निचरा आजच करायला हवा. त्यातही धोका आहे. रक्तस्राव होऊ शकतो, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पण थांबण्यात त्याहून जास्त धोका आहे."

"करा," ती म्हणाली.

आत नेताना आबांनी तिचं बोट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना ती धरायची, तसंच. "मला नंतर उजेडात नेऊन बघ हं," ते म्हणाले.

ती बाकावर बसून राहिली. रोज सकाळी वाकत होते, रोज बघत होते, मग मी बघत काय होते? तेवढ्यात काकूंच्या फोनवरून भिंगरी बोलली. "आई, मी आबांच्या ग्लासातला चमचा काढून ठेवलाय. आता नाही वाजणार."

"शहाणी गं माझी," ती म्हणाली आणि पदराने तोंड दाबून घेतलं.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "जुनी नळी काढली. आधी पू आला, मग पित्त मोकळं झालं. आता धातूच्या जाळीची नळी बसवलीय. ती रुंद असते, जास्त दिवस मोकळी राहते."

"म्हणजे आता पुन्हा नाही ना?"

त्या तिच्या शेजारी टेकल्या. "तसं नाही सांगता येणार. गाठ जाळीतून आत वाढू शकते. गाठ काढता येणार नाही, हे आपण बोललोच आहोत. ही नळी त्यांना चांगले दिवस देईल. किती, ते मलाही माहीत नाही."

ताप उतरला. हळूहळू आबांचे डोळे निवळले, भूक लागायला लागली, नर्सच्या हातच्या चहाला त्यांनी नावंही ठेवली. घरी आल्यावर मात्र ते आपल्या खोलीच्या उंबऱ्यातच थांबले.

"पांढरा आण," ते जावयाला म्हणाले. "अगदी दुधासारखा."

पुढच्या रविवारी जावयाने पलंग बाहेर काढला, भिंती घासल्या आणि लेकीने रोलर हातात घेतला. वास नको म्हणून आबा बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून तिथूनच हुकूम सोडत होते. "अगं, भिंत रंगवतेयस की पावडर लावतेयस तिला?"

"आबा, गप्प बसा, नाहीतर तुम्हालाच एक हात मारीन."

"मार की! दोन हात मार, एका हातात पिवळं झाकलं जात नाही."

भिंगरी गाल फुगवून उंबऱ्यावर बसली होती. तिचा रंग पुसत होते आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. आबांनी तिला मांडीवर ओढलं. "हे बघ, आबांचे डोळे पिवळे झाले की आईला लगेच दिसायला हवेत ना? म्हणून भिंत पांढरी."

भिंगरीने दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरून डोळ्यांत निरखून पाहिलं. "आत्ता नाहीयेत," ती म्हणाली.

"नाहीयेत ना? झालं तर मग!"

दुपार कलली तशी आबांची मान खुर्चीतच लवंडली. जावई डबे धुवायला गेला. खिडकीपाशी पिवळ्याचा एकच पट्टा उरला होता. भिंगरी आत आली, त्या पट्ट्यावर तिने तळवा टेकवला आणि झोपलेल्या आबांकडे बघून हळूच विचारलं, "आई, मग भिंत परत पिवळी कधी करायची?"