अर्धं पाऊल डावीकडे

हॉलबाहेरच्या भिंतीवर संघाचा सगळ्यात नवा फोटो दाराजवळ आहे. तिथून आत चालत गेलं की इतिहास मागे मागे जातो.

शिडीही तशीच चालली.

(शिडी हे संघातलं नाव. त्या नावानं हाक मारणारी शेवटची मैत्रीण, चिमणी, गेल्या वर्षी गेली. आता घरमालक तिला बाई म्हणतो, औषधवाला आजी म्हणतो. बाकी कुणी हाक मारायला येत नाही.)

फोटो. रंगीत. चषक कुणी धरायचा यावरून झोंबाझोंबी.

फोटो. रंग उडालेला. हरलेल्या दिसतात, पण केस सगळ्यांचे जागच्या जागी.

फोटो. काळा-पांढरा. पहिल्या रांगेत चिमणी, मान वाकडी. खाली पाटी: विद्यापीठाचा पहिला महिला बास्केटबॉल संघ.

यात शिडी नाही. चष्मा पुसून पाहिलं. तरी नाही.

कशी असणार? ती आदल्या वर्षीची. त्या वर्षी पाचच जणी होत्या, समोर खेळायला कुणी नाही, म्हणून वाचनालयातल्या खुर्च्या मांडून सराव चालायचा. खुर्च्या बचाव चांगला करतात, चिमणी म्हणायची, निदान चिमटे तरी काढत नाहीत. वर्षअखेरीला एक सामना ठरला. समोरच्या मुलींना त्यांच्या विद्यापीठानं प्रवासाची परवानगी दिली नाही. पाच जणी गणवेश घालून संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. मग शिडीचं शिक्षण संपलं.

सामना नाही, म्हणून फोटो नाही.

आज संघाचा वर्धापनदिन. आमंत्रण नव्हतं, ती आपली आपण आली होती. तिला एवढंच हवं होतं: ही आमच्यातली, असं कुणीतरी म्हणावं.

हॉलमध्ये सराव चालू होता. कप्तान मुलगी फ्री थ्रोच्या रेषेशी आली, थांबली, आणि चेंडू टाकण्याआधी अर्धं पाऊल डावीकडे सरकली.

हुकला.

दुसरी आली. तीही सरकली.

शिडीनं खुर्चीची पाठ धरली.

जुन्या हॉलच्या लाकडी जमिनीत त्या रेषेच्या बरोबर मधली फळी खचलेली होती. पहिला पाय तिचाच मुरगळला. मग तिनं चिमणीला सांगितलं, आधी अर्धं पाऊल डावीकडे, मग रिंगकडे बघायचं. चिमणीनं पुढच्यांना सांगितलं असणार. तो हॉल पाडला त्यालाही जमाना झाला. इथली जमीन आरशासारखी.

प्रशिक्षक बाई तरुण होत्या, आणि ओरडून दमल्या होत्या. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईपाशी त्यांनी मन मोकळं केलं. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणे ताईनं. ताईला तिच्या ताईनं. बाहेरचे संघ आम्हांला खेकडे म्हणतात. मग त्यांनी विचारलं, तुम्ही जुन्या संघातल्या का?

"आमचा सामना झाला नव्हता," शिडी म्हणाली.

"अच्छा, म्हणजे सरावापुरत्या."

शिडीनं दाराकडे पाहिलं. न बोलता घरी जाता आलं असतं. मग या मुली वर्षानुवर्षं तिच्या मुरगळलेल्या पायानं चालत राहिल्या असत्या. कुणाला कळलं नसतं, पण तिला ठाऊक असतं.

कप्तान पुन्हा सरकली. पुन्हा हुकला. मान खाली घालून ती तळहात पुसत राहिली.

"मधे उभी राहा, पोरी," शिडी म्हणाली. "तिथली फळी आता खचलेली नाही."

मग सगळं सांगावं लागलं. मुली पोट धरून हसल्या. कप्तान मधोमध उभी राहिली. चेंडू जाळीतून सरळ खाली आला. पुढचाही. प्रशिक्षक बाई तर खूश झाल्या. त्या फळीची गोष्ट पहिल्या फोटोखाली लावायलाच हवी म्हणाल्या. लगेच कुणाला तरी फोन केला. फळीबद्दल बोलल्या, जुन्या हॉलबद्दल बोलल्या. शिडीचं नाव न विचारताच बोलत बोलत बाहेर गेल्या. समारंभाची वेळ झाली, मुलीही गेल्या.

एक चेंडू राहिला होता.

शिडी रेषेशी गेली. मधोमध उभी राहिली. जमीन घट्ट होती. तरी पाय डावीकडे सरकलाच.

चेंडू रिंगपर्यंत पोचला नाही. उसळत उसळत भिंतीकडच्या खुर्च्यांपाशी गेला आणि त्यांच्या पायांत अडकला.

खुर्च्या जागच्या हलल्या नाहीत. तेव्हाही हलत नसत.