ओट्याहूनही कमी
सावळीराम जुना फौजी, कधी कुणाला भ्यायला नाही. पण दीड महिन्याच्या नातीला बघून हा गडी घरभर पळत होता.

पहिले बारा दिवस निभावले. सोयर आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार? बारशाला मात्र गोची झाली. पोर सगळ्यांच्या मांड्यांवरून फिरत आजोबांपर्यंत आली आणि आजोबांना एकाएकी शिंका सुरू झाल्या. पुढे गुडघा धरला, मग पाठ. इंदिरानगरच्या त्या दोन खोल्यांत लपायला जागा ती किती! बिचारा निम्मा दिवस गॅलरीत तुळशीला पाणी घालत बसायचा. तुळस सडायला आली.

सून संजना सगळं बघत होती. रविवारी तिने बॅग भरली.

"मी नाशिक रोडला आईकडे जाते," ती म्हणाली. "बाबांना नातू हवा होता, हे दिसतंय. जिथे माझ्या मुलीला आजोबा उचलून घेत नाहीत, तिथे मी तिला वाढवणार नाही."

सावळीरामचा मुलगा ललित दारात उभा होता. आता गप्प बसलो तर नात हातची जाणार, हे म्हाताऱ्याला कळलं. जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, ते त्याने सांगून टाकलं.

"पोरीचं काय नाय गं. खोट माझ्यात हाय."

अठ्ठ्याण्णव साली वाळवंटात अणुचाचणी झाली, तेव्हा सावळीराम तिथे जवान होता. स्फोटानंतर चार दिवस त्याने त्या खचलेल्या जमिनीजवळ पहारा दिला. छातीवर किरण मोजायचा बिल्ला होता. तो परत करताना आकडा किती आला, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. मग बराकीतल्या आचाऱ्याने अक्कल शिकवली, की किरणं एकदा अंगात शिरली की निघत नाहीत, लेकरांना जवळ घेऊ नकोस. डॉक्टरला विचारायचं सोडून यानं आचाऱ्याचं ऐकलं.

संजनाला हसावं की रडावं कळेना. अंबडच्या एका कारखान्यात लोखंडी सुट्या भागांतल्या भेगा किरणांनी तपासायचं तिचं काम.

"बाबा, एक्स-रे काढून आलेला माणूस काय दुसऱ्यांचे एक्स-रे काढत फिरतो?"

"अन् ती धूळ नाकातोंडात गेली असंल तर?"

यावर ती थबकली. "मग मोजू," म्हणाली.

दोन दिवसांनी साहेबांची परवानगी काढून तिने कारखान्यातलं मीटर घरी आणलं. सावळीराम बनियनवर, सावधान होऊन उभा राहिला. मीटर छातीवरून फिरलं, पोटावरून फिरलं. भिंतीपाशी जेवढी टकटक, तेवढीच इथे. स्वयंपाकघरात ग्रॅनाइटच्या ओट्यापाशी नेलं, तर ती जरा वाढली.

"तुमच्यापेक्षा आपला ओटा जास्त आहे, बाबा."

"तेव्हा अंगातनं किती गेलं, ते सांगतं का हे?"

"नाही. त्यासाठी डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासू. पण तुमच्यामुळे हिला काही होणार नाही."

तिने पोर त्याच्या मांडीवर ठेवली. जिवंत बॉम्ब दिल्यासारखा तो ताठ बसला. पोरीने त्याचं बोट धरलं, तसा हळूहळू सैल झाला. आणि मान वर केली तर ललित आजही दारातच उभा.

"त्या चाचणीनंतर मी सुट्टीवर आलो तेव्हा तू दीड वर्षाचा होतास," सावळीराम म्हणाला. "दोन्ही हात वर करून असाच दारात उभा होतास. मी बाजूनं निघून गेलो."

बाप कडक आहे, असंच ललित आजवर समजत आला होता. तो येऊन खाली फरशीवर बसला आणि बापाच्या दुसऱ्या मांडीवर डोकं ठेवलं.

सावळीरामने त्याच्या केसांतून हात फिरवला.

"लय जड झालास रे," तो म्हणाला.