एका दाबाचं आयुष्य

मी बोलतोय, नाकात मारायचा औषधाचा फवारा. बोटभर उंचीचा, पांढरा, पोटात एकाच दाबापुरतं औषध. नशा जास्त होऊन श्वास थांबलेल्या माणसाला परत आणायचं, हेच माझं काम. एका खोक्यात आम्ही दोघं भाऊ. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, एका कोळसाखाणीच्या गावात हवालदार डेलमर रॅटलिफच्या वाट्याला आलो.

"मी पोलीस आहे की कंपाउंडर?" डेलमर कुरकुरला. पोलिसांची एक खोड असते. हातात आलेली वस्तू, मग ती बंदूक असो की बॅटरी, चालवून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्याने माझ्या भावाला उचललं आणि हवेत दाबलं. फुस्स! माझ्या डोळ्यांदेखत भाऊ वाया गेला. "चालतोय की!" म्हणत त्याने मला एकट्याला खिशात टाकलं.

पुढच्याच रविवारी चर्च सुटलं आणि व्हर्ना किंचाळली. व्हर्ना गावातल्या खानावळीची मालकीण, डेलमर रोज सकाळी तिच्याकडेच खायचा. तिची लेक डार्ला गाडीत पडली होती. ओठ निळे, श्वास नाही. रुग्णवाहिका डोंगरापलीकडे.

डेलमर धावत आला, त्याने तिला गवतावर निजवलं आणि मला तिच्या नाकात दाबलं. होतं नव्हतं ते मी दिलं. पण ती हलेना.

"दुसरा मार ना रे!" व्हर्ना ओरडली. "दोन असतात ना तुमच्याकडे?"

डेलमरचा हात खिशाकडे गेला नि तिथेच थिजला. "नाहीये, व्हर्नाताई. वाया घालवला मी."

त्याने डार्लाची हनुवटी उचलली आणि तिच्या तोंडात आपला श्वास फुंकू लागला. फुंकत राहिला. व्हर्ना त्याच्या पाठीत बुक्के मारत होती आणि मी रिकामा पडून नुसता बघत होतो. फार वाईट वाटलं मला.

अखेर तिच्या घशात घरघर झाली. डार्ला खोकली, डोळे उघडले. आमच्यामुळे नशा झटक्यात उतरली की माणूस चिडतोच. "मेल्या डेलमर, हो बाजूला! कशाला उठवलंस?"

"दे शिव्या, पोरी," तो हुंदके देत म्हणाला. "पोटभर दे."

परवा त्याला नवं खोकं मिळालं. "बघ तरी चालतात का," सोबतचा शिपाई म्हणाला. डेलमरने खोकं छातीशी धरलं. "हात तर लावून बघ!"

मी अजून त्याच्या गाडीत असतो, रिकामा. तो मला टाकत नाही. माझं एवढंच मागणं आहे: आम्हाला दाबून पारखू नका, जवळ बाळगा. आणि आम्ही संपलो तरी थांबू नका. तुमचा श्वास संपलेला नसतो.