अमावस्येचं तेल

नत्थूला तिसरी मुलगी झाली आणि तिचं नाव विशाखा ठेवलं, ते साल १९५७. आधीच्या दोघींची नावं आजीने देवीवरून ठेवली होती. या खेपेला आजीला कुणी विचारलंच नाही. चार महिन्यांपूर्वी, दसऱ्याला, नत्थू आणि त्याची बायको धुरपता नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. आल्यावर घरातले देव टोपलीत घालून नत्थूने धाम नदीत सोडले. दुसऱ्या दिवशी कामावर गेला तो आधी मोटरीपुढे लोंबणारी लिंबू-मिरची त्याने कापून टाकली.

मोटर वर्ध्याच्या बंडोपंत वकिलांची. नत्थू तिचा ड्रायव्हर, नऊ वर्षांपासूनचा. बंडोपंतांनी लिंबू गेलेलं पाहिलं आणि नेहमीसारखे गाडीत जाऊन बसले. स्वतः ते देवाच्या भानगडीत फारसे नव्हते. त्यांच्या बायकोने, पद्माबाईंनी मात्र ते मनात ठेवलं.

नत्थू गाडी शिकला तो अण्णाजी उस्तादांच्या हाताखाली. अण्णाजींचं कारंज्याला, नागपूर-अमरावती रस्त्यालगत, ट्रक दुरुस्त करायचं छप्पर होतं. शिकवताना त्यांनी एक नेम घालून दिला होता. दर अमावस्येला गाडी धुवायची, चेंबरचं बूच काढून इंजिनातलं काळं तेल सोडायचं, नवं भरायचं, उदबत्ती लावायची आणि चाकापुढे नारळ फोडायचा. नत्थूने नऊ वर्षांत एक अमावस्या चुकवली नव्हती. घरी ताप असला तरी तो उठून जायचा. खाली टिनाच्या डब्यात काळं तेल पडताना पाहिलं की महिनाभराची लोकांची नजर, रस्त्यावरची बाधा, सगळं निघून चाललं असं त्याला वाटायचं. मग गाडी हलकी चालते, असंही तो सांगायचा.

दीक्षा घेताना अमावस्या-पौर्णिमेचे जुने नेम सोडले, तेव्हा हाही सुटला. धुणं, तेल, उदबत्ती आणि नारळ. या चारांतलं तेलाचं काम तेवढं इंजिनाचं, बाकीचं माणसाच्या मनाचं, हे त्याला कधी कुणी वेगळं करून सांगितलं नव्हतं. गाडी तो रोजच धुवायचा. सळई घालून तेल बघायचा, कमी दिसलं तर वरून अर्धा शेर घालायचा. दिवाळीची अमावस्या आली तेव्हा त्याने मुद्दाम गाडी बाहेर काढली आणि बाजारातून एक फेरी मारून आणली. लोकांनी पाहावं असं त्याला वाटत होतं.

आणि तो हिवाळा निवडणुकीचा. बंडोपंत एका उमेदवाराच्या मागे उभे राहिले आणि गाडीच्या चाकांना विश्रांती उरली नाही. आज समुद्रपूर, उद्या आर्वी, परवा पुन्हा समुद्रपूर. कच्चे रस्ते, धूळ नाकातोंडात. उमेदवार पडला, तरी फिरणं काही थांबलं नाही, कारण पडल्याची कारणं शोधायला आणखी महिनाभर जावं लागलं.

एप्रिलात पद्माबाईंच्या भाच्याची मुंज कारंज्याला होती. सकाळी सहाला निघाले. तळेगाव मागे पडलं आणि इंजिनातून आवाज यायला लागला. आधी कुणी नखाने दारावर टकटक करावं तसा. मग कारंज्याच्या अलीकडच्या चढावर कुणी आतून हातोडीने ठोकतंय असा.

नत्थूने गाडी हळू केली.

"हे काय?" बंडोपंत म्हणाले.

"पाह्यतो साहेब. गावात पोचू द्या."

पद्माबाईंनी पदर सावरला. "मला माहीत आहे काय ते. दिवाळीपासून सांगते आहे मी. नारळ नाही, उदबत्ती नाही. गाडीला तोंड नाही म्हणून इतके दिवस गप्प बसली. आता बोलते आहे."

नत्थूने गिअर बदलून चढ संपवला.

मुंजीच्या घरापुढे गाडी थांबली. पद्माबाई उतरल्या, पण आत गेल्या नाहीत. उन्हात उभ्या राहून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "नारळ फोडल्याशिवाय मी या गाडीत पाय ठेवणार नाही. आणि हा फोडणार नसेल तर फोडणारा माणूस ठेवा."

बंडोपंतांनी नत्थूला बाजूला घेतलं. आवाज मऊ होता त्यांचा. "हे बघ, मला त्याचं काही नाही. पण मला घरात राहायचं आहे. कारंज्यात नारळ मिळतो. एक फोड आणि मोकळा हो."

"साहेब, ते मले जमनार नाई."

"एका नारळाने तुझा धर्म बुडतो का?"

"मी लोकाईच्या समोर वचन देल्लं साहेब."

बंडोपंतांनी चष्मा काढून पुसला. वकील माणूस, वचनाचं वजन त्यांना समजत होतं. पण दारात बायको उभी होती. "मग मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल, नत्थू. संध्याकाळी पाचला निघायचं आहे. तोवर गाडीचं बघ आणि तुझंही ठरव."

नत्थू ठोकत्या गाडीसह अण्णाजींच्या छपराशी आला तेव्हा दहा वाजले होते. म्हातारा बाजेवर बसून कांद्याशी भाकर खात होता. आवाज ऐकताच त्याने घास खाली ठेवला.

"बंद कर, बंद कर. मारून टाकतं का तिले?"

नत्थूने इंजिन बंद केलं. पाया पडायला वाकला, मग अर्ध्यात थांबला आणि हात जोडून "जयभीम उस्ताद" म्हणाला.

अण्णाजींनी डोळे बारीक केले. "बरं, जयभीम. तेल दाखव."

सळई बाहेर आली ती डांबरात बुडवल्यासारखी. अण्णाजींनी एक थेंब अंगठ्यावर घेऊन तर्जनीने चोळला आणि हात उन्हात धरला. बोटावर बारीक चमक होती, रुपेरी.

"हे पाय. बेअरिंगचा धातू हाये हा. तेल कधी बदलवलं?"

नत्थू सळई पुसायला लागला.

"काऊन रे, मुका झाला का?"

"पितृपक्षाच्या अमावस्येले, उस्ताद."

"कोन्त्या वर्साच्या?"

"मागच्या. दसऱ्याच्या आंधी."

अण्णाजींनी बोटांवर महिने मोजले. सहा झाले. "अन् मंग काऊन नाई?"

"अमावस्या सोडली ना मी. आमी आता ते काई पाळत नाई."

म्हातारा बोटं पुसता पुसता थांबला. मग हसायला लागला. हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. नत्थूला वाटलं हे आपल्या दीक्षेला हसताहेत, आणि त्याचा चेहरा दगडासारखा झाला. अण्णाजींच्या ते ध्यानात आलं. त्यांनी हसणं आवरलं आणि बाजेवर हात थोपटून त्याला शेजारी बसवलं.

"तुह्यावर नाई हासत बे. माह्यावर हासतो. अरे, तू माह्याकडं आला तवा तुले विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं. तेल हजार मैलाले बदलवावं लागते. तुले हजार मैल सांगतले असते तर तू काय केलं असतं? आभायाकडं पाह्यत बसला असता. म्हनून अमावस्या सांगतली. अमावस्या कोनी इसरत नाई. त्या टायमाले अशी गाडी महिन्याले हजारच मैल चाले. हिसाब बसून गेला."

"अन् ते काळं?"

"कोन्तं काळं?"

"मले वाटे, ती महिनाभराची नजर हाये."

"नजर नाई. काजळी हाये. जळलेलं पेट्रोल, रस्त्याची धूळ, लोखंडाची झीज. तेल थे सारं आपल्या पोटात घेते. पोट भरलं का मंग घेत नाई, मंग इंजन खाते."

नत्थूने विचारलं, "मंग नारळ काऊन सांगतला होता?"

"खोबरं खाले," अण्णाजी म्हणाले. "तुमाले पगार देत नव्हतो ना मी. महिन्यातून एक डाव तरी गोड खाले भेटे."

नत्थूला हसावं की रडावं कळेना. नऊ वर्षं ज्याला तो देवाचं समजत होता ते इंजिनाचं निघालं होतं, आणि देव सोडताना त्याने त्यासोबत इंजिनाचंही सोडून दिलं होतं. मग त्याने सकाळचं सगळं सांगितलं. पद्माबाईंचं, नारळाचं, पाचच्या वायद्याचं.

अण्णाजी गाडीखाली सरपटत गेले, बराच वेळ ठोकून ऐकत राहिले आणि धुळीने भरून बाहेर आले. "एकच बेअरिंग ढिलं झालं. चेंबर खोलून कसावं लागते. दोन दिवस. आणखी धा मैल आनली असती तर इंजन फोडून दांडाच बाहेर येता." मग हात पुसत ते हळू आवाजात म्हणाले, "एक आयक. तू नारळ फोडून टाक. त्याहिले सांग का आज गाडी उस्तादापाशी ठेवतो. परवा मी कसून, तेल भरून देतो. आवाज गेला का बाई म्हनन नारळानं गेला. तुही नोकरी राह्यली, अन् तुही चूक कोनाले दिसत नाई. फुटला एक नारळ, त्याचं काय?"

नत्थू उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. एकामागोमाग दोन ट्रक गेले. उस्ताद म्हणाले ते खरंच होतं. नारळ फोडला की सगळं झाकलं जात होतं. वकीलसाहेबांना कधीच कळलं नसतं की सहा महिने त्यांच्या गाडीत त्याने घाण फिरवली. पण मग गाडीत देव परत आला असं झालं असतं. पद्माबाई ते शेजारी सांगत्या, शेजारी कोर्टात, कोर्टातून ते त्याच्या वस्तीत. देव सोडले म्हणून गाडी मेली आणि नारळ फोडला म्हणून उठली. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका आधीच म्हणत होत्या की बाप्पा, असं एकदम सारं सोडू नये. आणि न फोडावा तर काय? तर सांगायचं की गाडी मी मारली. नऊ वर्षांच्या ड्रायव्हरने. मग दुसरा माणूस ठेवायला वकीलसाहेबांना बाईंच्या हट्टाचीही गरज नव्हती. धुरपता बाळंतपणातून नुकती उठलेली. तीन पोरी घरात.

तो परत आला. "उस्ताद, तेल सोडा. त्या डब्यात सोडा, मले न्याचं हाये."

"कोठी?"

"साहेबाले दाखवाले."

अण्णाजींनी त्याच्याकडे पाहिलं. "येडा हायेस," ते म्हणाले, आणि पाना घेऊन खाली वाकले.

दुपारची पंगत उठली होती. बंडोपंत ओट्यावर पान खात बसले होते, पद्माबाई आतल्या उंबऱ्याशी बायकांत. नत्थू डबा दोन्ही हातांत धरून अंगणात उभा राहिला.

"साहेब, हे गाडीतलं तेल. सहा महिने बदलवलं नाई मी."

बंडोपंतांचं चघळणं थांबलं. "सहा महिने?"

"व्हय. दर अमावस्येले बदलवत होतो. अमावस्या सोडली तं तेलबी सोडलं. मले वाटलं ते त्याच्यातलंच हाये. आज उस्तादानं समजावून देल्लं. बेअरिंग गेलं साहेब. ते माह्या हातानं गेलं. नारळ न फोडल्यानं नाई गेलं."

बंडोपंत ओट्यावरून उतरले, डब्यात पाहिलं. "मला का नाही सांगितलंस?"

"मलेच मालूम नव्हतं तं सांगू काय?"

कोर्टात कुणी असं उत्तर दिलं असतं तर बंडोपंतांनी त्याला सोललं असतं. इथे त्यांनी डबा जरा तिरपा करून पाहिला. आपण तरी कधी विचारलं, असं काहीसं त्यांच्या ओठांवर आलं आणि पानाबरोबर गिळलं गेलं. पद्माबाई एव्हाना ओट्यावर आल्या होत्या. नाकाला पदर लावून त्यांनी वाकून पाहिलं.

"हे असलं काळं दर महिन्याला निघतं?"

"इतकं नाई निंघत बाईसाहेब. पन निंघते."

"म्हणजे देवाचा कोप नाही?"

"नाई. माही चूक हाये."

आतल्या बायका माना उंचावून बघत होत्या. पद्माबाईंनी आधी डब्याकडे, मग नत्थूकडे पाहिलं. चूक कबूल करायला आलेला माणूस त्यांनी त्या घरात फारसा पाहिला नसावा.

"माझं मन मानत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "गाडीत मी बसते, नारळ मी फोडीन. तू तुझं तेलाचं बघ. आणि माझ्या नारळाला हसायचं नाही."

"नाई हासनार, बाईसाहेब."

बंडोपंतांनी सुटकेचा श्वास सोडला. "आम्ही बसने जातो. तू गाडी बिघडवलीस, तूच नीट करून आण. आणि पुन्हा किती दिवसांनी तेल बदलायचं ते नीट विचारून ये."

त्या संध्याकाळी वर्ध्याच्या बसमध्ये मुंजीचे लाडू मांडीवर घेऊन बसावं लागलं, त्यावरून पद्माबाईंनी नवऱ्याला आर्वीपर्यंत ऐकवलं. नत्थूला मात्र त्यांनी नंतर कधी काही ऐकवलं नाही.

दोन दिवस नत्थू उस्तादांसोबत गाडीखाली पडून होता. चेंबर रॉकेलने धुतला, बेअरिंगखालची पातळ पत्र्याची चकती काढून ते घट्ट कसलं. काम झाल्यावर अण्णाजींनी त्याला मैलाच्या काट्यापुढे बसवलं.

"हे घरं पाय. हे उजवं घर भल्लं नाचते, त्याच्याकडं ध्यान देऊ नको. उजव्या अंगानं चौथं. ते हजाराचं. त्याच्यातला आकडा पलटला का तेल सोडजो. धुळीच्या रस्त्यानं फिरला तर त्याच्याबी आंधी. अन् पावसाळ्यात गाडी उभी राह्यली तरी तीन महिन्याच्या वर ठेवजो नको."

"आमी पौर्णिमेले वस्तीत जमतो. पौर्णिमेले बदलवलं तर?"

"बदलव ना. इंजनाले चंद्र दिसते काय? पन तुहा वकील आता महिन्याले दोन हजार मैल पळवते. म्हनून चंद्राच्या भरवशावर राहू नको. आकडा शीक."

वर्ध्याला आल्यावर त्याने धुरपताला सांगितलं. ती वस्तीतल्या बायकांच्या वर्गात जाऊन महिनाभरात शंभरापर्यंत पोचली होती. कोळशाने तिने चुलीमागच्या भिंतीवर शून्यापासून नऊपर्यंत आकडे काढले आणि नवऱ्याला त्यापुढे बसवलं. सहा आणि नऊ त्याला बरेच दिवस एकच वाटत. "उलटा माणूस अन् सुलटा माणूस एकच असते काय?" असं ती विचारायची आणि मुली हसायच्या. पोळ्याच्या सुमाराला त्याने काट्यावरचा सगळा आकडा तिला तोंडाने वाचून दाखवला, पाचही घरं. त्यानंतर अक्षरं यायला आणखी दोन वर्षं लागली.

बंडोपंतांची गाडी त्याने पुढेही चालवली. कारंज्यावरून जाणं झालं की तो छपराशी थांबायचा आणि उस्ताद आधी सळई मागायचे, मग चहा. अण्णाजी उस्ताद १९५९ च्या सप्टेंबरात, आठ दिवसांच्या तापाने, कारंज्याला वारले.